उत्तनच्या अंगणातल्या चार पेट्या

भाईंदर पश्चिम

आमच्या मिरा रोडच्या कॉलनीतली माणसं दुबई बघून येतात, सिंगापूर बघून येतात आणि तिथल्या स्वच्छ रस्त्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात. उत्तन मात्र त्यांनी पाहिलेलं नसतं. पाहिलं असलं तर रविवारी संध्याकाळी, समुद्रावर कणीस खाऊन अंधाराच्या आत परत. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरीचा चढ चढते आणि उतरली की समोर समुद्र. एवढंच अंतर. तिथे मी बुधवार ते सोमवार राहून आले. हवापालटाला नव्हे, भांडायला गेले होते.

भांडण कशाचं ते आधी सांगते. भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे. तिथे मासळीसाठी बर्फाच्या पेट्या बनतात. बाहेर फायबर, आत फोम, झाकणावर निळ्या अक्षरांत 'सुमन', म्हणजे मीच. लालबागहून इकडे आलो तेव्हा मी औषधांच्या दुकानांतून रिकाम्या थर्मोकोलच्या पेट्या गोळा करायचे आणि डोक्यावरून नेऊन कोळणींना विकायचे. गाळा कुणी दिला नाही, मी घेतला. त्यामुळे माझ्या पेटीला कुणी वाईट म्हटलं की ते मला म्हटल्यासारखं लागतं.

गेल्या वर्षी पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेची माणसं उत्तनला आली होती. त्यांनी बाजारातल्या चार प्रकारच्या पेट्या तपासल्या आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात भिंतीवर आलेख दाखवला. सगळ्यात जास्त बर्फ 'सुमन' पेटीतला वितळला, असं सगळ्या गावासमोर सांगितलं. मला बोलावलं नव्हतं. एका कोळणीने फोनवर कळवलं, तेही हसत हसत. उत्तनच्या ऑर्डरी बंद झाल्या. मी प्रयोगशाळेला लिहिलं, त्यांनी मोजणी बरोबर असल्याचं नम्रपणे कळवलं. त्या नम्रपणाने माझं डोकं जास्त फिरलं.

यंदा तीच मंडळी पुन्हा येणार होती. त्यांनी एक नवा पांढरा रंग तयार केला होता आणि तो लावून बघायला त्यांना माझ्याच पेट्या हव्या होत्या. कारण काय, तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे. मी फोनवर म्हटलं, पेट्या देते, भाडं नको, काही नको, पण सगळे दिवस मी समोर बसणार आणि पेट्या कुठे ठेवायच्या ते मला विचारून ठरणार. प्रयोगशाळेच्या बाई एवढंच म्हणाल्या, "या."

पेट्या टेम्पोने पुढे पाठवल्या. मला रिक्षाने जायचं होतं, पण उत्तन म्हटल्यावर रिक्षावाल्याने असा भाव सांगितला की मी त्याला विचारलं, "भैया, रिक्षा बेच रहे हो क्या?" तो हसला, पण भावात उतरला नाही. मी बसने गेले. शेजारी एक बाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि टोपलीतलं पाणी माझ्या साडीवर कधी उतरलं ते मला डोंगरीला कळलं. उत्तनमध्ये माझं पाऊल पडण्याआधी माझ्या साडीला तिथला वास लागला होता.

जुलियानाचं अंगण

चाचणीसाठी घेतलेलं अंगण जुलियानाचं होतं. हे ऐकल्यावर मी जवळजवळ परत फिरले. गेल्या वर्षी सभागृहातून घरी जाऊन माझ्या पेट्या टेम्पोत घालून परत पाठवणारी पहिली बाई हीच.

जुलियाना साठीची, ठेंगणी, कोळी ख्रिस्ती बाई. कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस, लुगड्याचा काष्टा घट्ट. तिचा नवरा बस्त्याव काटक, आता समुद्रावर कमी जातो, बोंबील सुकवायचं काम बघतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात झेंडूचा हार घातलेला पांढरा क्रूस आणि उरलेल्या सगळ्या जागेत बांबूंच्या वलांडी. वलांडी म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाईल असा मांडव. त्याच्या आडव्या दोरांवर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगतात. ऑक्टोबरच्या उन्हात ती रांग दुरून वाळत घातलेल्या मोज्यांसारखी दिसते. जवळून तशी वाटत नाही.

"आलीस काय गो सुमन," जुलियाना म्हणाली. "बस. भांडन मागून कर, पयले च्या घे."

मी राहायच्या खोलीचं विचारलं. भाव ठरवायची तयारी करूनच आले होते, सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे तेही ठरलेलं होतं. ती म्हणाली, पाहुण्यांकडून कोण पैसे घेतं. मी दोनदा आग्रह केला. मग तिने एक पाट आणि विळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, एवढंच मन खात असेल तर बोंबील साफ कर. आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा सुरू होण्याआधी हरले.

प्रयोगशाळेच्या डॉ. अनघा दुपारी आल्या. मला वाटलं होतं चष्म्यातली, जपून बोलणारी कुणी असेल. पण ही पस्तिशीची, सांगलीकडची, उन्हात करपलेली मुलगी. बॅग खाली ठेवायच्या आधीच मी सुरू झाले.

"गेल्या वर्षीची जागा दाखवा."

तिने दाखवली. वलांडीखाली, बोंबलांच्या सावलीत चार पेट्या ओळीने ठेवल्या होत्या, म्हणाली. सगळ्यांना सारखी सावली. रोज संध्याकाळी खालच्या भोकातून गळलेलं पाणी बादल्यांत मोजलं होतं.

"दिवसभर तुम्ही इथे होतात?"

"नाही. दिवसा आम्ही धक्क्यावर असतो. तिथेही काम असतं."

"मग सावली सारखी होती हे कुणी पाहिलं?"

तिचा चेहरा पडला नाही, उलट ताठरला. म्हणाली, "सुमनताई, मोजणीत चूक निघाली तर मी सगळ्यांसमोर सांगेन. नाही निघाली तर तुम्ही सगळ्यांसमोर ऐकाल."

मी म्हटलं, त्याच सभागृहात. ती म्हणाली, त्याच. हा सौदा मला पसंत पडला. यात मला हवं ते मिळणार होतं किंवा माझं नाव या किनाऱ्यावरून कायमचं जाणार होतं. दोन्ही एकदाच ठरलं असतं.

आकाश नावाचं गिऱ्हाईक

मग रंगाची गोष्ट निघाली. तिने डबा उघडला. साध्या चुन्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, पांढरा रंग ऊन परतवतो हे आमच्या गच्चीलाही माहीत आहे.

ती म्हणाली, हे अर्धंच. रंगातले कण वेगवेगळ्या मापाचे असतात, काँक्रीटमध्ये खडी, रेती, सिमेंट असतं तसे. प्रत्येक मापाचा कण उन्हातला वेगळा भाग परत पाठवतो, म्हणून जवळजवळ सगळं ऊन परत जातं. उरलेलं अर्धं जास्त नवलाचं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. त्यातले बरेच किरण हवेत अडकतात. हा रंग उष्णता अशा किरणांनी टाकतो की हवा त्यांना अडवत नाही, ते सरळ वर निघून जातात. वर आकाश फार थंड असतं. म्हणून भर दुपारी, उन्हात, काही वीज न जाळता हा पृष्ठभाग सभोवतालच्या हवेपेक्षाही थोडा गार राहतो.

मी विचार केला. माझ्या भाषेत हे असं होतं की उष्णता हा माल आणि आकाश हे गिऱ्हाईक. कितीही माल द्या, नाही म्हणत नाही, भाव पाडत नाही, परत पाठवत नाही. असं गिऱ्हाईक मला इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं.

"यात खोट काय?" मी विचारलं.

खोट होती, आणि तिने लपवली नाही. समुद्राकाठच्या हवेत वाफ जास्त असते, त्यामुळे वरची वाट थोडी बंद होते. कोरड्या गावात हा रंग जास्त चालतो. इथे किती चालतो तेच बघायचं होतं. शिवाय रंग अजून प्रयोगशाळेत थोडा थोडा बनतो.

"मग अख्खी पेटी कशाला रंगवता?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, पेट्या टेम्पोत एकीला एक लागून असतात, होडीवरही तसंच. बाजू कुणाला दिसतात? आकाशाला दिसतं ते झाकण. बाजूंना रंग लावणं म्हणजे भिंतीकडच्या कपाटाला मागून पॉलिश करणं. फक्त झाकण रंगवा. रंग कमी लागेल.

तिने वही मिटून झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, हिशेबात हे होतं, पण त्यांनी करून पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेत पूर्ण वस्तू रंगवायचीच सवय. ठरलं ते असं: एक माझी साधी पेटी, एक पूर्ण रंगवलेली, एक फक्त झाकण रंगवलेली आणि चौथी गेल्या वर्षी पहिली आलेली, दुसऱ्या कारखान्याची. चारही उघड्या अंगणात, सारख्या उन्हात. जागा मी काठी रोवून, सावल्या बघून ठरवली. बस्त्याव बाजूला उभा राहून हे सगळं पाहत होता.

गुरुवार, धक्का

गुरुवारी माझा उपास. जुलियानाने न विचारता रताळी उकडली. मिरा रोडला येणाऱ्या कोळणींपैकी कुणीतरी सांगितलं असणार. पुढच्या दिवशी, शुक्रवारी, तिच्या घरी मटण वर्ज्य होतं. म्हणजे माझ्या देवाच्या दिवशी मासे चालत नाहीत आणि तिच्या देवाच्या दिवशी मासेच चालतात. मी हे म्हटल्यावर ती म्हणाली, "तुझा देव शेतातला असंल. आमचा होडीतल्यांच्यात वावरलेला हाय."

पहिल्या दिवसाच्या बादल्या संध्याकाळी बघायच्या होत्या, म्हणून जुलियानाला पेट्यांपाशी बसवून मी अनघाबरोबर धक्क्यावर गेले. पाण्यात दोराला बांधून लहान लहान पाट्या सोडल्या होत्या. होडीच्या तळाला टणक पांढरे शंखासारखे जीव चिकटतात, ते खरवडण्यात मच्छीमारांचे दिवस जातात. शार्क माशाच्या कातडीला ते चिकटत नाहीत, कारण तिच्यावर बारीक खाचा असतात. तशा खाचा पाडलेल्या त्या पाट्या होत्या. साध्या पाटीवर जीवांची वसाहत झाली होती, खाचांच्या पाटीवर तुरळक. पूर्ण स्वच्छ नव्हती. अनघाने तेही सांगितलं. मला तिची ही सवय आवडायला लागली होती आणि ते मला मान्य करायचं नव्हतं.

बाजूला एका टोपलीत मासळीवर लहान कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. फळाच्या रंगात भिजवलेल्या. मासा शिळा व्हायला लागला की त्यातून जो वायू निघतो, त्याने चिठ्ठीचा रंग बदलतो. जुलियानाची सून म्हणाली, आम्हाला चिठ्ठी कशाला, कल्ला उघडला की कळतं. पण मिरा रोडच्या बायका बोट लावायलाही घाबरतात, त्यांना चिठ्ठी दाखवता येईल, म्हणजे घासाघीस कमी होईल. असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

संध्याकाळी बादल्या पाहिल्या. सगळ्यात कमी पाणी पूर्ण रंगवलेल्या पेटीखाली. त्याच्या अगदी मागोमाग नुसतं झाकण रंगवलेली. मी तिथेच मांडीवर थाप मारली. दुसऱ्या कारखान्याची तिसरी. माझी साधी चौथी, म्हणजे पुन्हा शेवटची. पण फरक थोडासा होता. गेल्या वर्षीच्या आलेखात माझी पेटी इतकी मागे होती की तिला पेटी म्हणायचीही लाज वाटावी. तेवढं अंतर आता कुठे गेलं, असं मी विचारलं. अनघालाही तोच प्रश्न पडला होता, हे तिच्या कपाळावर दिसत होतं.

दिवेलागणीला जुलियानाच्या घरात माळेची प्रार्थना झाली. आमच्या आजीच्या तोंडून ऐकल्यासारखं मराठी, फक्त देवांची नावं वेगळी. मी भिंतीला टेकून बसले. मला त्यातलं येत काही नव्हतं, पण उठून जावंसंही वाटलं नाही.

शुक्रवार, दोन पायांचे ठसे

शुक्रवारी दुपारी मी जेवून जरा आडवी झाले होते. ओल्या बोंबलाचं आंबट, तांदळाची भाकरी आणि वर फुगे. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, सणाला करतात. जुलियानाने माझ्यासाठी केले होते आणि "पीठ उरलं व्हतं" असं सांगितलं होतं. जाग आली ती अंगणातल्या घसरण्याच्या आवाजाने.

बाहेर आले तर बस्त्याव माझ्या पेटीवर उभा. झाकण रंगवलेल्या. त्याने ती ओढत वलांडीच्या टोकाला नेली होती आणि वरच्या दोरावर बोंबील अडकवत होता. अनवाणी, ओल्या मातीचे पाय. त्या पांढऱ्या झाकणावर.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. शेजारच्या दोन घरांची दारं उघडली. अनघा धक्क्यावरून नुकतीच आली होती, ती धावत आली. बस्त्याव खाली उतरला, हातातले बोंबील तसेच धरून. त्याला खरंच कळत नव्हतं की काय झालं.

"वरच्या दोराला हात पोचत न्हाय," तो म्हणाला. "तुझी पेटी लय मजबूत हाय गो. बाकीच्या डगमगतात. गेल्या वर्षी पन असलीच घेतलेली."

वरून एक बोंबील सुटून खाली पडला.

अनघाने हळूच विचारलं, "गेल्या वर्षी? किती वेळा, दादा?"

"रोज. दुपारी वरचे दोर भरायचे असत्यात ना. मग उन्हातच र्‍हायची. संध्याकाळी तुमी यायच्या आदी परत जागेवर ठेवायचो. तुमी म्हनलेला, जागा बदलू नका."

मी पेटीवर बसले. वर्षभर मी ज्या आलेखाशी मनात भांडत होते, त्याच्या खाली या माणसाचे पाय होते. माझी पेटी वाईट म्हणून नव्हे, चांगली म्हणून हरली होती. बाकीच्या सावलीत पडून राहिल्या आणि माझी उन्हात उभी राहून याला वर पोचवत होती.

राग यायला हवा होता. आलाही. पण बस्त्यावच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तो कुणावर काढायचा तेच कळेना. त्याने त्या पेटीचं कौतुक केलं होतं, एवढंच. उत्तनमध्ये दुसऱ्या कुणी ते वर्षभरात केलं नव्हतं.

अनघा माझ्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "माझी चूक. मी दिवसभर इथे कुणीतरी ठेवायला हवं होतं. रविवारी सभागृहात सांगते."

"तुमच्या तोंडाने?"

"माझ्याच."

शनिवार

चूक कळली की उत्तनची माणसं नुसतं वाईट वाटून बसत नाहीत, काहीतरी करतात. त्यातून पुढचा गोंधळ झाला.

बस्त्यावने शनिवारी पहाटे झाकण घासून घासून धुतलं. माझ्यासाठी त्याने एवढं करावं म्हणून मला बरं वाटलं. सकाळी पेट्या बर्फाने भरून उन्हात ठेवल्या आणि मी गाळ्यातल्या एका कामाचा फोन उरकायला डोंगरीच्या रस्त्यावर गेले, कारण घरात नेटवर्क येत नव्हतं. फोन लांबला, भांडण झालं, भांडण मिटलं. तास-दीड तासाने परत आले तर झाकणावर ओलं गोणपाट. नीट चारही बाजूंनी खोचलेलं.

"कावळे घान करतात," बस्त्याव म्हणाला. "आन गारवा पन र्‍हातो. बर्फावर आमी कायम घालतो."

मी अनघाला फोन करायला पुन्हा रस्त्यावर गेले. पण संध्याकाळपर्यंत तसंच ठेवून बघू, असं तीच म्हणाली. संध्याकाळी त्या पेटीच्या बादलीत पूर्ण रंगवलेल्या पेटीपेक्षा खूप जास्त पाणी होतं. साध्या पेटीपेक्षा कमी, पण झाकणाच्या रंगाचा सगळा फायदा बुडाला होता.

गिऱ्हाईक वर बसलेलं, आणि आम्ही दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं. मी हे असंच बोलले तेव्हा अनघा मोठ्याने हसली. पण मग म्हणाली, गोणपाट अगदीच वाया गेलेलं नाही. ओलं कापड वाळताना उष्णता घेतं, माठ तसाच गार होतो. म्हणून पेटी साध्या पेटीच्या खाली आली नाही. कुठे कुठे लोक आता दोन्ही युक्त्या एकत्र करताहेत: पाणी धरून ठेवणारा थर खाली, उष्णता आकाशाला देणारा वर.

जुलियाना चुलीजवळून ऐकत होती. "म्हंजे गोनपाट नको काय?"

"झाकणावर नको," मी म्हटलं. "पोटावर घाला. झाकण उघडं, बाजूंना ओलं गोणपाट. त्याला खाली काम द्या आणि याला वर."

अनघाने मान डोलावली. बस्त्यावने लगेच सुतळी आणली.

संध्याकाळी ओसरीवर बसून अनघा इतर गोष्टी सांगत राहिली. कुठल्यातरी बारीक भोकांच्या पावडरी, ज्या कोरड्या हवेतूनही पाणी ओढून घेतात. शरीरातल्या प्रथिनांचे आकार, जे शोधायला पूर्वी एकेका माणसाची वर्षं जायची आणि आता संगणक पटकन अंदाज देतो, म्हणून नवी औषधं शोधणं सोपं होतंय. खडकाला धरून बसणाऱ्या शिंपल्यांकडून शिकून केलेला, पाण्यातही चिकटणारा डिंक. बस्त्यावने तो होडीच्या फटीला चालेल का असं विचारलं. अजून नाही, पण चालावा, असं ती म्हणाली. "अजून नाही" हे शब्द ती अशा तऱ्हेने म्हणायची की ते नकारासारखे वाटायचेच नाहीत. मला लालबागहून मिरा रोडला आलो तो पहिला महिना आठवला. तेव्हा आमच्याकडे पंख्याशिवाय काही नव्हतं आणि मी सगळ्यांना असंच सांगायचे: अजून नाही.

रविवार, सभागृह

पहाटे पेट्या भरल्या. माझ्या झाकण रंगवलेल्या पेटीच्या पोटाला गोणपाट, झाकण उघडं. बस्त्यावच्या भाच्याची एक शिडी मागून आणली होती, म्हणजे बोंबलांसाठी कुणी पेटीवर चढायला नको. मी सगळ्यांबरोबर चर्चमध्ये मिस्सेला गेले नाही, पेट्यांजवळ बसले. जुलियाना जाताना म्हणाली, तुझी पन प्रार्थना हिथंच झाली असं समज.

दुपारनंतर सोसायटीच्या सभागृहात गाव जमलं. तीच भिंत. गेल्या वर्षी आलेख जिथे पडला होता तिथे अनघाने यंदा काहीच लावलं नाही. उभी राहिली आणि सरळ बोलली.

"गेल्या वर्षी मी इथे सांगितलं की सुमन पेटी शेवटची आली. ती पेटी रोज दुपारी उन्हात होती, बाकीच्या सावलीत. हे मी पाहिलं नाही, ही माझी चूक. तो निकाल मी मागे घेते."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. बस्त्याव उठला आणि म्हणाला, "मी उभा र्‍हायचो तिच्यावर." लोक हसले. पण हसण्याचा रोख या वेळी माझ्याकडे नव्हता.

मग अनघा माझ्याकडे वळली. मला वाटलं संपलं. ती म्हणाली, "आता दुसरा भाग. सारख्या उन्हात ठेवली तरी साधी सुमन पेटी दुसऱ्या कारखान्याच्या पेटीच्या किंचित मागेच आहे. झाकणाची रबरी पट्टी बसत नाही. तिथून गारवा जातो."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. सौदा मीच केला होता, आणि ही मुलगी दोन्ही बाजूंनी पाळत होती. मी उठून म्हटलं, "पट्टी बदलते. जुन्या पेट्या आणून दिल्या तर त्यांचीही बदलून देते." मग स्वतःलाच थांबवता आलं नाही म्हणून पुढे म्हटलं, "पण त्यांच्यावर उभं राहायला काही हरकत नाही, एवढं लिहून घ्या."

सगळे उठून अंगणात आले. जुलियानाने स्वतः बादल्या ओढून पुढे घेतल्या. साधी पेटी शेवटी, तिच्या पुढे दुसऱ्या कारखान्याची, मग पूर्ण रंगवलेली. आणि सगळ्यात कमी पाणी माझ्या झाकणवाल्या, गोणपाट नेसलेल्या पेटीखाली. जुलियानाने झाकण उघडून हात घातला, बर्फाचा एक मोठा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाजूच्या एका बाईने विचारलं, "या पेटीची ऑर्डर कुनाकडं द्यायची?" मी तिला माझा नंबर सांगताना बर्फ बोटांतून गळत होता आणि मी तो खाली टाकला नाही.

रंग अजून बाजारात नाही. अनघाने तसं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात जास्त पेट्यांवर, सबंध मोसमभर बघू, खारं पाणी आणि कावळ्यांची घाण किती सोसतो ते बघू, मग. मी गाळ्यातली एक बाजू त्यांना रंग लावायला देणार आहे. भाड्याबद्दल आम्ही दोघी बरंच बोललो. त्यात कोण जिंकलं ते सांगणार नाही, पण ती सांगलीची आहे हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

सोमवार, डोंगरीचा चढ

सोमवारी सकाळी निघाले. जुलियानाने सुके बोंबील कागदात बांधून दिले. मी पैसे काढले नाहीत, शिकले तेवढं. बस थांब्यापर्यंत बस्त्याव येणार होता, पण वरचे दोर भरायचे होते म्हणून राहिला. झाकणवाली पेटी मी मुद्दामच त्यांच्या अंगणात ठेवून आले, रोज वापरात राहावी म्हणून.

बस डोंगरीच्या चढाला लागली तेव्हा मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. घरांच्या मधून जुलियानाचं अंगण दिसत होतं. वलांडी, शिडी आणि ते पांढरं झाकण, चमकत होतं. ऊन कडक झालं होतं. बस्त्याव बादलीत गोणपाट भिजवून पेटीकडे आला, सवयीने दोन्ही हातांनी ते झाकणावर पसरायला निघाला.

मग थांबला. वर आकाशाकडे बघितलं.

आणि ते ओलं गोणपाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन शिडी चढायला लागला.